आवाज हरवला तिथं

डोळे घट्ट मिटा, बाळांनो. आता समोरचा कॉम्प्युटर सुरू आहे की बंद, ते ओळखा. पडदा दिसत नाही. फक्त आवाज ऐकायचा आहे. आणि आवाज येत नाही.

अश्वजित असाच बसला होता. पिपरी मेघेत राहणाऱ्या या कॉलेजातल्या मुलाला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचा कॉम्प्युटर त्याला पुस्तकं वाचून दाखवायचा. उद्या सकाळी इतिहासाचा पेपर होता, आणि कॉम्प्युटर दुपारपासून मुका होता.

"काजल, हा काऊन बोलून नाई राह्यला?"

त्याची आठवीतली बहीण कीबोर्डवरून हात काढून उभी राहिली. "दादा, मी नवीन कर्नेल टाकलं. तुयासाठीच. जलदी चालन म्हणून."

कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी आत बसलेला प्रोग्राम. पडदा, बटणं, आवाज, सगळ्यांना तोच कामाला लावतो. तो अडखळला, की यंत्र सुरू असूनही मुकं होऊ शकतं.

"कोणतं टाकलं?"

"यादीत सगळ्यात वर होतं ते. आजच आलं."

अश्वजित हसला. "भाजी अजून चुलीवर हाये, आन् तू मले ताट वाढलं."

काजलच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाला ते दिसलं नाही, पण तिचं नाक ओढणं त्यानं ऐकलं.

"रडू नको. पह्यलेचं पुसलं जात नाई, तिथंच राह्यते. बंद करून सुरू कर. शिफ्ट दाबून ठेवजो. दोन कर्नेलचे नंबर दिसतीन. जुना घे."

तिनं तसं केलं. पडदा उजळला. थोडा वेळ काहीच नाही. मग तो ओळखीचा, जरासा नाकातला आवाज खोलीत आला आणि इतिहासाचा धडा जिथं थांबला होता तिथून वाचू लागला.

अश्वजितचे खांदे सैल झाले. काजल मात्र पडद्याकडे पाहतच राहिली.

"दादा, जुनं असून एवढं चांगलं कसं?"

"चांगलं जन्मलं नाई ते. नवीन होतं तवा तेही असंच मुकं झालतं. मी ते बनवणाऱ्या लोकायले कळवलं. पोलंडच्या एका बाईनं दुरुस्त केलं, ब्राझीलच्या एकानं तपासून पाह्यलं. आमी कोणी कोणाले भेटलो नाई. असं ज्याचं त्याचं जे बिघडलं ते लोकं सांगत गेले, तवा कुठं ते पक्कं झालं. त्याले स्टेबल म्हणतात."

नाकातला आवाज वाचत होता. काजलच्या मनात आलं, आत्ता कुठल्या तरी दूरच्या गावात, तिला न समजणाऱ्या भाषेत, असाच एखादा कॉम्प्युटर कुणाला तरी धडा वाचून दाखवत असेल. पिपरी मेघेतल्या तिच्या दादानं सांगितलं, म्हणून.

सकाळी अश्वजित पेपरला गेला. घर शांत झालं. काजलनं कॉम्प्युटर लावला, शिफ्ट दाबली आणि या वेळी मुद्दाम ते नवं, मुकं कर्नेल निवडलं. मग डोळे मिटून ती ऐकत बसली. आवाज नेमका कुठं हरवतो, ते तिला त्या लोकांना कळवायचं होतं.