मामींना काय कळणार

नुंगंबाक्कमच्या ऑफिसात बसून ऋता अमेरिकेतल्या वकिलांचे युक्तिवाद लिहून द्यायची, खाली सही मात्र त्यांची. आज तर तिकडच्या जजने निकालात तिचा अख्खा परिच्छेद उचलला होता, पण बाहेर एक शब्द जरी बोलली तरी नोकरी जाणार, आईलासुद्धा सांगायची सोय नाही. मग अड्यारला घरी आल्या आल्या तिने घरमालकीण मामींना गाठलं, हिला तमिळ येत नाही म्हणून वर्षभर नुसत्या खुणांनी चाललेलं त्यांचं, आणि पक्षकाराच्या नावासकट सगळं धडाधड मराठीतून सांगून टाकलं.

मामींनी कॉफीचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"कोणालाही सांगणार नाही गे. आमची तंजावरची मराठी ऐकून तुम्ही लोक हसतात, म्हणून वर्षभर मी गप्प बसली."