अकरा चुकीच्या फायली

मुलुंडच्या बॅटरी कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि जुन्या कामगारांच्या सहाशे फायली त्यात भरायचं काम वनमालाच्या गळ्यात पडलं. निवृत्तीच्या तारखेआधी मृत्यूची तारीख दिसली, की कॉम्प्युटर ती फाईल चुकीची ठरवायचा. अशा अकरा निघाल्या.

"तारखा उलटसुलट मारल्या असतील तुम्ही, बाई," साहेब म्हणाले. "नीट बघा."

वनमालाने एकेक फाईल डॉक्टरच्या दाखल्याशी ताडून पाहिली. तारखा बरोबर होत्या. गावं निराळी, आडनावं निराळी, खातं मात्र अकराही जणांचं एकच: शिसं वितळवायची भट्टी. गिरणी बंद पडल्यापासून पाच वर्षं घरी बसलेला तिचा नवरा दशरथ सोमवारपासून त्याच भट्टीवर लागणार होता. सकाळीच तिने सगळ्यांना पेढे वाटले होते.

"साहेब, चूक एकाही फायलीत नाही. सगळे भट्टीवरचे आहेत. आमच्या ह्यांना दुसरं खातं द्या ना."

"दुसरीकडे जागा कुठाय, बाई? रिकामी होते ती भट्टीवरच." साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून ती तपासणीच काढून टाकायला लावली.

दुपारी अकराही फायली मुकाट आत गेल्या. शेवटी वनमालाने नव्या कामगाराचं नाव भरलं: दशरथ, वय अडतीस, खातं भट्टी. कॉम्प्युटरने निवृत्तीची तारीख आपणहून मांडली, ३१ मे २००७.

या वेळी त्याने चूक दाखवली नाही.