वांझोटं झुडूप

कुऱ्हाडीच्या तिसऱ्या घावाला झुडूप आडवं झालं. "पाच वर्षं पोसलं, एक फळ नाही! वांझोटं, तुझ्यासारखंच!" नवरा गरजला आणि त्याने वैजूच्या मुस्काटात भडकावली.

तिच्या ओठातून न्यू जर्सीच्या बर्फावर रक्त ठिबकलं. बाजूलाच लावलेल्या त्याच जातीच्या तीन विंटरबेरी झुडपांच्या निष्पर्ण फांद्यांवर तसलीच लालभडक फळं लगडली होती.

एरवी ती आत पळायची. आज जागची हलली नाही. तिने पडलेल्या बुंध्यावरची नर्सरीची चिठ्ठी ओरबाडून त्याच्यापुढे धरली.

"वाचा. हा नर होता. नराला फळ धरत नाही, पण त्याच्याशिवाय त्या तिघी माद्यांनाही धरत नाही. पुढच्या हिवाळ्यात तिघी रिकाम्या राहतील."

तिने तोंडातलं रक्त थुंकलं.

"तेव्हाही नराचं नाव घेऊ नका. वांझ त्यांनाच म्हणा."