मूठ

नालवाडीहून निघताना आनंदाबाईंनी सुनेला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "जया, गळ्यातली पोत झाकून बसजो वं. नागपूरच्या रिंग रोडवर चालत्या गाडीवरून ओढून नेतेत म्हणे." म्हणूनच ट्रकांच्या गर्दीतून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत शेजारी आला, तेव्हा जयाच्या नवऱ्याने, गोपालने, गाडी आणखीच पळवली. तो माणूस काहीतरी ओरडत अगदी चिकटला, त्याने जयाच्या गळ्याशी हात घातला आणि जीव खाऊन हिसका मारला.

"आहो, माही पोत," जया किंचाळली.

गोपालने गाडी आडवी घालून त्याला खाली पाडलं. "भाऊ, आयका तर..." एवढं तो म्हणतो न म्हणतो तोच हेल्मेट त्याच्या तोंडावर बसलं आणि दोन दात डांबरावर पडले. मग काय, थांबलेल्या गाड्यांवरच्या लोकांनीही हात धुऊन घेतले. कोणी घरचा राग काढला, कोणी सिग्नलचा. "मूठ उघड बे, चोट्ट्या," म्हणत गोपाल त्याच्या बोटांवर बुटासकट उभा राहिला. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज आला, तेव्हा कुठे मूठ सुटली.

आत ओढणीचा फाटका तुकडा होता. पोत झाकायला जयाने गळ्याभोवती घट्ट आवळलेली ती ओढणी. बाकीची सगळी गोपालच्या गाडीच्या मागच्या चाकात गुंडाळली गेली होती.

जयाचा हात गळ्याकडे गेला.

पोत जागेवर होती, आणि गळाही.