डेसची जीभ

"तू आधी," डेस म्हणाला.

केल्विनने ग्लास शेडच्या खिडकीकडे धरला, फेस पाहिला, नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "हलकी आहे. मागून जरा कडवट."

डेसनेही घोट घेतला. "अगदी! माझ्या तोंडातलं बोललास."

"आंबट-बिंबट काही?"

डेसने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला लागली?"

"छे!"

"मग झालं तर."

केल्विनचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःला त्या घोटातून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. गेल्या जूनमध्ये क्लबच्या वार्षिक जेवणानंतर सगळी मंडळी तापाने आडवी झाली होती. केल्विनचा ताप उतरला, पण जाताना त्याचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. दहा महिने झाले. कॉफी म्हणजे गरम पाणी आणि मटण म्हणजे ओली दोरी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात हा माणूस चौदा वर्षं परीक्षक होता. दर महिन्याला पंधरा ग्लास हुंगून गुण द्यायचे. आता तो बाकीच्यांचे चेहरे वाचून गुण देत होता, आणि अजून कुणाला संशय आला नव्हता. सांगायचं तरी कुणाला? आंधळ्याने चित्रांना बक्षिसं वाटायची, तसलाच हा प्रकार.

तसं निभलंही असतं. पण ब्रॉनीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. फोनवर म्हणाली, "बाबा, आईला आवडायची ना ती लागर बिअर, तीच हवी. पहिला ग्लास मी पिणार आणि आईच्या नावाने उचलणार." त्याच्या बायकोला, नोएलीनला, जाऊन तीन वर्षं झाली होती. केल्विनला नाही म्हणवेना.

लागर म्हणजे दीड महिन्याचं काम, आणि हातात होते तीन आठवडे. म्हणून त्याने शेडमध्ये दाबाची टाकी आणली. पारदर्शक, खाली निमुळती होत गेलेली. टोकाला गाळ धरायची बाटली, वर झडप आणि दाब दाखवणारा काटा. दाबाखाली आंबवली की बिअर लवकर होते आणि नको ते वास धरत नाही, असं क्लबात सगळेच म्हणत. केल्विनला ती आवडायचं कारण मात्र वेगळंच होतं. काटा डोळ्यांनी वाचता येतो.

सहाव्या दिवशी रसातली साखर आंबून संपली. काटा बारावर थांबला. त्याने झडप बंद केली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा शिट्टी वाजवली.

आज नववा दिवस, आणि काटा सोळावर.

साखर संपल्यावर काटा चढतो तो दोनच कारणांनी. एक तर शेड तापली असेल, नाहीतर आत कुणी आगंतुक जंतू घुसून बिअर आंबवत असेल. कुठलं ते एका घोटात कळतं. नोएलीन असती तर दारातूनच नाक मुरडून म्हणाली असती, "ओतून टाक ते." केल्विन सकाळपासून त्या काट्यासमोर स्टूल टाकून बसला होता. हातपाय धड असून माणूस इतका पांगळा होऊ शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्याने डेसला बोलावलं. चाळीस वर्षांचा दोस्त, आणि क्लबात केल्विनच्या खालोखाल त्याचंच नाक.

दोघं स्वयंपाकघरात आले. डेसने येताना मीट पाय, म्हणजे खिम्याचे पॅटिस, आणले होते. आपल्या पॅटिसवर त्याने तिखट सॉस बदाबदा ओतला.

"अरे, पॅटिस दिसू दे की!"

"म्हातारपणी जरा झणझणीत लागतं रे." डेस हसला.

केल्विनने दोन कप चहा केला. सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. आता नाही तर कधी? "डेस," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. साखर घे."

डेसने आपला चहा संपवला आणि तो गेला. दुधाचा डबा परत ठेवताना केल्विनने सवयीने तारीख पाहिली. आठ दिवस उलटून गेले होते. बिचारा डेस! मैत्रीखातर नासका चहाही निमूट प्यायला. पण बिअरच्या बाबतीत तो खोटं बोलायचा नाही. केल्विनने शेडमध्ये जाऊन टाकी थंड करायला लावली.

लग्नाच्या शनिवारी क्लबच्या हिरवळीवर सव्वाशे माणसं जमली. ब्रॉनीने आईची मोत्यांची माळ घातली होती. केल्विनने स्वतःच्या हाताने पहिला ग्लास भरला. सोन्यासारखा रंग, वर दोन बोटं फेस.

"आईसाठी!" ब्रॉनी म्हणाली आणि भला मोठा घोट घेतला.

तिचे डोळे मिटले. गाल आत ओढले गेले. तिने गिळलं, बापाकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि मग तोंडावर हात दाबून गुलाबांच्या ताटव्याकडे धावली. मागे जावयाने स्वतःचा ग्लास हुंगला आणि हळूच टेबलावर ठेवला. "व्हिनेगर," कुणीतरी म्हणालं.

केल्विनने डेसचा दंड धरला आणि त्याला तंबूमागे ओढत नेलं.

"चाखली होतीस ना तू? माझ्यासमोर चाखलीस! एक शब्द बोलला असतास तर मी ओतून दिली असती. नोएलीनच्या नावाने उचलला रे तिने तो ग्लास!"

डेसने दंडावरचा त्याचा हात सोडवला.

"बोल ना!"

"गेल्या जूनपासून मला कसली चव लागत नाही, केल," डेस म्हणाला. "मी आपला तुझं तोंड बघून सांगत होतो."