आपली माणसं

फेओदोरा चेलपाननं आपल्या अंगणातलं स्टूल उचललं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या झेम्फिराच्या फाटकात मधोमध मांडून ती बसली. मांडीवर भोपळा, हातात सुरी.

काल जेवताना ग्लेबनं सहज सांगून टाकलं होतं. दोनेत्स्कच्या लढाईसाठी उत्तरेकडून आपणहून आलेल्या तुकडीतला हा पोरगा. मानेवर नाझींचा काळा सूर्य गोंदलेला. महिनाभर तो फेओदोराकडेच राहत होता. मटण घातलेल्या कुबितेचा, तिच्या ग्रीक पद्धतीच्या भरल्या पोळीचा, तिसरा तुकडा ताटात ओढत म्हणाला, "मावशी, उद्या समोरचं जिप्स्यांचं घर रिकामं करायचंय. ही जमीन आता फक्त आपल्या माणसांची."

"आणि मी रे? आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या इथले ग्रीक."

"तुमचं वेगळं. तुम्ही आपल्याच."

फेओदोरानं ताटं उचलली.

ट्रक येऊन थांबला. आधी तुकडीचा प्रमुख उतरला, मागोमाग ग्लेब आणि आणखी दोघं. फाटकाच्या आत झेम्फिरा म्हाताऱ्या सासऱ्याचा दंड धरून उभी होती.

"बाई, बाजूला व्हा," प्रमुख म्हणाला.

"का म्हणून? माझं घर आहे. हे माझे भाडेकरू." ती भोपळा सोलतच राहिली.

प्रमुखानं ग्लेबकडं पाहिलं. "तू इथंच राहतोस ना? कुणाचं घर हे?"

सुरी थांबली. ग्लेब तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडं बघत राहिला. तापानं फणफणला होता तेव्हा हिनंच रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या.

"जिप्स्यांचं," तो म्हणाला. "मावशींचं ते पलीकडचं. त्या भोळ्या आहेत हो. त्यांना कळत नाही."

"सगळं कळतंय तिला." प्रमुखाचा आवाज जराही चढला नाही. "दोन्ही रिकामी करा."

"पण त्या आपल्या..."

"आपली माणसं अशी आडवी बसत नाहीत."

झेम्फिराच्या सासऱ्यानं गाडीला घोडा जुंपला. फेओदोरानं दोन रजया, आईच्या हातची मदर मेरीची तसबीर आणि कोंबड्यांची टोपली तेवढी आणून गाडीत ठेवली. झेम्फिरा तिचा हात हातात घेऊन रडायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, सरक तिकडं. मला बसायला जागा कर."

ग्लेब तिच्या रिकाम्या अंगणात बंदूक लटकवून उभा होता. पायरी होती, बाक होता, पण तो बसला नाही.

गाडी हलली. कोपऱ्यावर फेओदोरानं मागं वळून हाक मारली, "ग्लेब! विहिरीचा दोर कुजलाय रे. भरली बादली हळू ओढ, नाहीतर जाशील आत."