तापाची साथ

तपासणीच्या दिवशी गोडांबेबाईंच्या सातवीत त्रेचाळीसपैकी चारच मुलं बसली होती. चौघांच्याही मनगटावरचे सरकारी पट्टे हिरवे होते. मोबाइलवरून कुणी छळलं की मुलाचा पट्टा लाल व्हायचा, आणि लाल पट्ट्याची सगळी पोरं मुख्याध्यापकांनी सकाळीच खिचडीच्या खोलीत कोंडली होती.

“एकही लाल नाही! आदर्श शाळा आहे तुमची,” तपासणीला आलेले साहेब खूश झाले. “बाकीची मुलं कुठंयत?”

“तापाची साथ आहे, साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणत त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि खोलीचं कुलूप काढलं.

“या साहेब, ताप बघा. एकोणचाळीस जणांना आहे.”